विषय: दुकान विकतोय, कागद कोणते करावे लागतात?

नमस्कार मंडळी,
न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं आमचं किराणा दुकान विकायचं ठरलंय. भावही ठरला. निम्मे पैसे आत्ता, उरलेले तीन वर्षांत हप्त्याने. घेणारा ओळखीचाच आहे. म्हणतो, एका पानावर लिहून सह्या करू, वकिलाचा खर्च कशाला! कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

---

अरे बाबा, वकील कर. दर गणपतीला तुझ्याकडून मोदकाची पिठी नेतो, त्या हक्काने सांगतो.

आधी ठरव, एलएलसी (दुकान ज्या कंपनीच्या नावावर आहे ती) विकतोयस की नुसता माल, फ्रीझर आणि दुकानाचं नाव? छोटी दुकानं बहुधा दुसऱ्या प्रकारे विकली जातात. त्याला अ‍ॅसेट पर्चेस अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे मालमत्ता-खरेदीचा करार, लागतं. शिवाय न्यू जर्सीत बल्क सेलचा, म्हणजे धंद्याची मालमत्ता एकगठ्ठा विकण्याचा, नियम आहे. घेणाऱ्याने ताब्याच्या किमान १० कामाचे दिवस आधी सी-९६०० फॉर्म करारासकट टॅक्स खात्याला पाठवायचा. नाही पाठवला तर तुझा थकलेला टॅक्स त्याच्या बोकांडी. खातं सांगेल तेवढी रक्कम एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाकडे, अडकते, त्यामुळे पहिल्या दिवशी पूर्ण निम्मे हातात येतील असं धरू नकोस.

मी फसलो लीजमध्ये. माझं मिठाईचं दुकान विकलं तेव्हा जागामालकाने लीज नव्या माणसाच्या नावावर करून दिली. मी पेढे वाटले! पण माझी पर्सनल गॅरंटी (भाडं थकलं तर मी स्वतः भरीन ही हमी) सुटली, असं कुठेच लिहून घेतलं नव्हतं. दीड वर्षाने त्या माणसाने भाडं थकवलं आणि नोटीस आली माझ्या घरी. हिने चकल्या तळता तळता पाकीट फोडलं. त्या नोटिशीवरचा तेलाचा डाग अजून आहे.

---

काकांशी सहमत. मी टॅक्सचं काम करते, म्हणून एवढंच जोडते.

हप्त्यांसाठी प्रॉमिसरी नोट (पैसे फेडायचं लेखी वचन) हवीच, पण तिच्यामागे तारण हवं: सिक्युरिटी अ‍ॅग्रीमेंट (तारणाचा करार) आणि यूसीसी-१ फाइलिंग (त्या तारणाची सरकारदरबारी नोंद). ते ५ वर्षं चालतं, तुमच्या तीन वर्षांना पुरेल. घेणाऱ्याचीही वैयक्तिक हमी घ्या, ओळखीचा असला तरी. खरं तर म्हणूनच.

किंमत मालाची किती, फ्रीझरची किती, गुडविलची (दुकानाच्या नावलौकिकाची) किती, हे करारातच लिहा. दोघांच्याही टॅक्स रिटर्नला ही विभागणी दाखवणारा ८५९४ फॉर्म लागतो आणि आकडे जुळायला हवेत. पैसे हप्त्याने आले तरी मालावरचा नफा आणि फ्रीझरवर आधी घेतलेल्या घसाऱ्याचा (वस्तू जुनी होते म्हणून मिळालेल्या वजावटीचा) टॅक्स पहिल्याच वर्षी भरावा लागतो. इथे बरेच जण दचकतात.

---

दादा, नॉन-कंपीट (विकल्यावर तसाच धंदा न करण्याचं कलम) नीट वाचा. नोकरीतलं असं कलम कोर्टात बऱ्याचदा टिकत नाही, पण धंदा विकताना केलेलं टिकतं. नोकरीतली अशी कलमं न मानणारं कॅलिफोर्नियासुद्धा तेवढी सूट देतं. किती मैल, किती वर्षं, आणि घरून डबे देणं त्यात येतं का, तेही विचारा.

---

सगळ्यांचे आभार. काकांचं वाचून रात्री लीजची फाइल काढली. गॅरंटीचं पान शेवटी, वेगळं टाचलेलं. खाली माझी सही, आणि तिच्याखाली हिची. हिला आठवतही नाही कधी केली ते. सोमवारी वकिलाकडे दोघंही जातोय.