व्हॉइसीज बे: साठा जमिनीलगत, तरी खाणीला अकरा वर्षं का लागली?

मेघना_भू:
कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या व्हॉइसीज बे निकेल खाणीवर सेमिनार आहे. १९९३ला गॉसन (सल्फाइड खनिजं गंजून झालेला तांबूस थर) दिसला, १९९४च्या शेवटी ड्रिलिंगमध्ये घबाड लागलं, पण उत्पादन थेट २००५ला. 'ओव्हॉइड' हा मुख्य भाग तर वरच्या थराखाली लगेचच आहे. उशीर थंडी आणि दुर्गमतेमुळेच झाला का? आणि हिरे शोधताना निकेल सापडलं, हे निव्वळ नशीब का?

खडकवाट:
नशीब म्हणू नकोस. चिस्लेट आणि व्हर्बिस्की या खनिज शोधणाऱ्या दोघांना हेलिकॉप्टरमधून तांबूस गंजलेली टेकडी दिसली. पायरोटाइटसारखी लोहाची सल्फाइडं (गंधकयुक्त खनिजं) उघड्यावर पडली की असा गंज चढतो. निकेल असतं पेंटलँडाइट या खनिजात, ते वरून ओळखू येत नाही. अशा बहुतेक टेकड्यांखाली कामाचं काही नसतं. तरी दोघं उतरले, नमुने घेतले आणि ड्रिलिंग होईपर्यंत पाठ सोडली नाही. दुसऱ्याच बोअरला ४० मीटरहून जास्त सलग सल्फाइड लागलं! मी स्वतः कोअर लॉगिंग करतो, म्हणजे बोअरमधून निघालेल्या खडकाच्या नमुन्यांची नोंद. अर्धा मीटर सलग सल्फाइड आलं तरी आमच्या शेडमध्ये सगळे गोळा होतात. ओव्हॉइडमध्ये सुमारे ३.२ कोटी टन धातुक होतं, निकेल २.८ टक्क्यांच्या आसपास.

आता उशिराचं. १९९६ला इन्को या निकेल कंपनीने हा साठा ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलरला घेतला. पण ती जमीन इन्नू आणि इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांची. त्यांनी ती कुठल्याही कराराने कधी सोडलेली नव्हती. फेब्रुवारी १९९५च्या थंडीत इन्नूंनी तिथे तळ ठोकून ड्रिलिंगला विरोध केला. १९९७ला पर्यावरण परीक्षण पुरं व्हायच्या आत रस्ता आणि धावपट्टी बांधायला घेतली, तेव्हा दोन्ही समाज एकत्र आले आणि कोर्टाने काम थांबवलं. शिवाय धातुकावरची प्रक्रिया आमच्याच प्रांतात करा, यावर प्रांत सरकार अडून बसलं. त्यात निकेलचा भावही पडला. २००२ला दोन्ही समाजांशी नोकऱ्या, कंत्राटं आणि उत्पन्नातल्या वाट्याचे करार झाले, मग कामाने वेग घेतला. माझ्या मते ती वर्षं वाया गेली नाहीत, खाणीचा खरा पाया तेव्हाच घातला गेला. सेमिनारचा निम्मा वेळ यालाच दे.

उत्तरवारा:
जहाजांचंही घे. बाहेरून रस्ता नाही, कामगार विमानाने येतात आणि कॉन्सन्ट्रेट (धातुक दळून वेगळा केलेला धातूयुक्त भाग) 'उमियाक १' हे बर्फ फोडणारं जहाज नेतं. पण तोच समुद्री बर्फ इनुइटांचा हिवाळ्यातला रस्ता, त्यावरूनच शिकारीला जातात. म्हणून बर्फ धरायच्या दिवसांत जहाजं बंद असतात. नंतर जहाजाने फोडलेल्या वाटेवर स्नोमोबाइलसाठी तरंगते पूल टाकतात.

मेघना_भू:
पुलांचं माहीतच नव्हतं, नक्की घेते. ओव्हॉइड संपल्यावर पुढे काय?

खडकवाट:
भूमिगत खाण. साठ्याच्या रीड ब्रुक या खोल भागातून २०२१ला धातुक निघायला लागलं, ईस्टर्न डीप्स हा दुसरा खोल भागही त्याच योजनेत आहे. प्रक्रिया न्यूफाउंडलंडच्या लाँग हार्बरला होते. जमिनीचा उभा छेद काढताना ओव्हॉइड आणि ईस्टर्न डीप्स एकाच आकृतीत दाखव. ज्यातून हा साठा बनला तो मॅग्मा (वितळलेला खडक) कुठल्या वाटेने वर आला ते बघणाऱ्याला लगेच कळेल.