कलेचा इतिहास आणि शहराचा अभ्यास ऑनलाइन शिकवावा का?

पायवाट:

मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात मी चौदा वर्षं दोन ऐच्छिक विषय शिकवते आहे, भारतीय कलेचा इतिहास आणि शहराचा अभ्यास. येत्या वर्षापासून दोन्हींचे जवळजवळ निम्मे तास ऑनलाइन घ्यायचं घाटतंय आणि आराखडा करायचं काम माझ्याकडे आलंय. विभागात सरळ दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते. माझं मत आधीच सांगते. तास ऑनलाइन घ्यावेत. पण वर्गातलं व्याख्यान उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवायचं असेल तर अजिबात घेऊ नयेत. बदलायचा तो स्वाध्याय.

२०२० च्या पावसाळ्यात मी पहिला ऑनलाइन तास घेतला तो ओव्हल मैदान या विषयावर. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर अशी एकोणिसाव्या शतकातली गॉथिक मुंबई, समोर १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती, मध्ये क्रिकेट. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतला तो हाच समूह. वर्गात हे सांगताना मुलं माना उंचावून बघतात. त्या दिवशी समोर साठ काळे चौकोन होते.

तिसऱ्या आठवड्यात मी स्लाइड्स बंद केल्या. म्हटलं, आहात तिथून दोनशे पावलं चाला, बाहेर पडता येत नसेल तर गॅलरीत उभे राहा, आणि दिसेल त्याचा नकाशा काढून पाठवा. नायगावच्या बीडीडी चाळीत राहणाऱ्या एका मुलीने आपल्या मजल्यावरच्या व्हरांड्याचा नकाशा पाठवला, वितीने मोजून काढलेला. या चाळी मी दरवर्षी शिकवायचे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ इमारती, वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी. १६० चौरस फुटांची खोली, नळ आणि संडास सगळ्यांचे मिळून. तिच्या नकाशात सकाळी नळाची रांग कोणाच्या दारापर्यंत येते ते होतं, दुपारी कोण कुठे निवडण-टिपण करत बसतं ते होतं, रात्री कोणाचं अंथरूण बाहेर पडतं तेही होतं. माझ्या दहा वर्षांच्या स्लाइड्समध्ये यातलं काहीही नव्हतं.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. म्हणजे आपल्याकडे हा विषय सुरू झाला तोच गाव पायांनी वाचण्यापासून. फोनवर शिकवताना मी त्या पद्धतीच्या जास्त जवळ गेले असं मला मनापासून वाटतं. तुमचा अनुभव काय?

मातीकाम:

पूर्ण असहमत. मी शिल्पकला शिकवतो, त्यामुळे माझं बोलणं कलेपुरतं धरा.

मोबाइलवर लघुचित्र आणि अजिंठ्याच्या भिंतीवरचा पद्मपाणी बोधिसत्त्व एकाच मापाचे होतात. घारापुरीची सुमारे वीस फुटांची त्रिमूर्ती चार इंचांची होते. माप हा कलाकृतीचा वरचा तपशील नाही, अर्थाचा भाग आहे. घारापुरीच्या अंधारात डोळे सरावेपर्यंत ते तीन चेहरे दिसत नाहीत, मग हळूहळू बाहेर येतात. ती दोन मिनिटं पडद्यावर कुठून आणणार?

२०२१ मध्ये मी क्ले मॉडेलिंग ऑनलाइन शिकवलं. मुलांना गावी माती मिळेना, काहींनी कणीक भिजवून डोकी केली. आतला सांगाडा कुठे कमी पडतोय हे मला पडद्यावर कळत नव्हतं. वर्गात मी मातीला अंगठा लावला की समजतं. एका मुलाने आठ दिवस खपून केलेलं डोकं रात्रीत मानेतून मोडलं. त्याला मी काय शिकवलं? एचिंगचं, म्हणजे पत्र्यावर आम्लाने कोरून चित्र छापण्याचं, तर विचारूच नका. जस्ताचा पत्रा आम्लात धरायची गोष्ट कोणाच्या मोरीत करायची नसते.

इतिहास शिकवणाऱ्यांसाठी एक उदाहरण. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून तिथल्या चित्रांच्या केलेल्या प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या. मग १८७२ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत गेले, दहा-बारा वर्षं हे काम चाललं. त्यातल्याही बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. उरलं काय? तिथे उभं राहून काम केलेल्या पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांचा हात उरला. आपण मुलांना प्रतिकृती देतोय आणि हात काढून घेतोय.

नकाशा:

मातीकाम सर, तुमच्याच उदाहरणाची दुसरी बाजू. प्रतिकृती करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढवलं, आणि त्याने ती पिवळी पडली, काळवंडली. लेण्यात हात पोहोचला त्याची किंमत भिंतीने दिली. आज रंगवलेल्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं, थोड्याच वेळासाठी सोडतात, तेही मंद उजेडात. मी पन्नास मुलं घेऊन गेलो आहे. मागच्या रांगेला पद्मपाणीच्या हातातलं कमळ दिसलं नाही. परत आल्यावर चांगल्या छायाचित्रांवर एकेक भाग मोठा करून दाखवला, तेव्हा मुलींना मोत्यांच्या माळा दिसल्या, शेजारची माणसं दिसली.

शहराचंही तेच. भुलेश्वरच्या गल्लीत चाळीस जणांना उभं करून बोला, पहिल्या सहा जणांनाच ऐकू येतं, बाकीचे हातगाडीला वाट देत असतात. जुना नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर ठेवून पारदर्शक करत नेला की सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट दाट वस्तीतून सरळ कापून काढल्याचं एका मिनिटात कळतं. १८९६ ची प्लेगची साथ, शहर सुधारण्यासाठी नेमलेला १८९८ चा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि हे रस्ते यांचा संबंध चालून कधीच दिसत नाही. तो वरूनच दिसतो.

दुसरीपाळी:

मी शिकवत नाही, शिकले आहे. लॉकडाऊनमध्ये असाच विषय मला होता. मॅडम, राग मानू नका, पण 'खिडकीतून काय दिसतं ते काढा' हा स्वाध्याय आम्हालाही आला होता आणि मी रडले होते. आमच्या खोलीला खिडकी होती ती शेजारच्या भिंतीला लागलेली. मी मैत्रिणीच्या घरातून दिसणारं झाड काढून दिलं. पाहुणा येणार म्हटलं तरी आम्ही आधी दोरीवरचे कपडे काढतो, आणि इथे ते घर सगळ्या वर्गाला दाखवायचं होतं. तुमच्या त्या नायगावच्या मुलीला काय वाटलं हे तुम्ही विचारलंत का?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मुलींना घरातून बाहेर पडायला कारण लागतं. 'कॉलेजचं काम आहे, फोर्टात जायचंय' हे माझं कारण होतं. दुसऱ्या वर्षी, कॉलेज उघडल्यावर, मी पहिल्यांदा ओव्हलच्या कडेने एकटी चालले. त्याआधी चर्चगेट स्टेशनच्या बाहेर कधी आले नव्हते, आणि मी राहते दिव्याला, ठाण्याच्या पलीकडे. तुम्ही नायगावच्या मुलीला नायगाव काढायला सांगता, चर्चगेटच्या मुलाला चर्चगेट. मग शहर कोणी बघायचं? जो तो आपल्याच गल्लीत राहिला.

एवढं बोलून हेही खरं की माझी आतेबहीण आज सकाळी दुकानात काम करते आणि रात्री दहाला रेकॉर्ड केलेलं व्याख्यान ऐकते. ती सोय नसती तर तिचं शिक्षण सुटलं असतं. तेव्हा सगळं बंद करा असं मी म्हणत नाही.

पायवाट:

दुसरीपाळी, राग कशाचा? विचारलं नव्हतं मी. तिने पाठवलं, मला आवडलं आणि मी ते वर्गात दाखवलं. तिची परवानगी घ्यायला हवी होती. यापुढे घर कोणाचंच मागणार नाही. सार्वजनिक जागाच: नाका, बसथांबा, बाजार, पाण्याचा नळ. आणि दाखवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

दुसरा मुद्दा मला जास्त लागला. त्यावर एक सुचतंय, जोड्या लावाव्यात. विरारच्या मुलीने आपल्या नाक्याचा नकाशा काढायचा आणि माहीमच्या मुलाने तो हातात धरून विरारच्या त्या नाक्यावर जायचं, मग उलट. नकाशात काय सुटलं हे जाणाऱ्याने लिहायचं. नकाशांची देवाणघेवाण ऑनलाइन, जाणं प्रत्यक्ष.

सीएचबी:

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरून पुरे करता येतात. २०१६ मध्ये ही मर्यादा २० होती. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, तास कमी झाला की पगार कमी. एका कॉलेजात माझ्याकडून चौदा व्याख्यानं रेकॉर्ड करून घेतली, पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही, व्याख्यानं मात्र चालू होती. आराखड्यात एक ओळ घाला: रेकॉर्डिंग शिक्षकाचं, आणि क्षेत्रभेटीचा तास हा पूर्ण मानधनाचा तास. बाकी तात्त्विक चर्चा मग करू.

पेठकर:

पुण्यातून लिहितोय. आमच्याकडे कात्रजची पाणीयोजना आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेली. कात्रजच्या तलावातून दगडी बंदिस्त नळाने पाणी शहरात, वाटेत हवेसाठी उच्छ्वास, आणि पेठांमध्ये हौद. आता गंमत अशी की ही जमिनीखाली आहे. चालून दिसत नाही, उपग्रहाच्या चित्रातही दिसत नाही. दिसतात ती नावं: फडके हौद, काळा हौद, बदामी हौद. बसच्या पाटीवरचं नाव आपण रोज वाचतो, हौद डोळ्यासमोर येत नाही.

मी काय केलं, तर दोन आठवडे ऑनलाइन फक्त नावं गोळा केली. प्रत्येकाने घरातल्या किंवा ओळखीच्या म्हाताऱ्या माणसाला फोन करायचा आणि विचारायचं, हौदावर पाणी कोणी भरायचं, कोणाला भरू द्यायचे नाहीत, हौद कधी बुजला. वर्गात बसून ही माहिती मिळाली नसती, कारण आजी वर्गात येत नाही. पानशेतच्या पुराचंही तसंच. १२ जुलै १९६१ ला पाणी कुठवर आलं होतं हे मुलांनी आपापल्या घरी विचारून जिन्याच्या पायऱ्यांवर खूण करून फोटो पाठवले. त्यानंतर सगळे ठिपके एका नकाशावर आले आणि मग एका रविवारी आम्ही ती रेघ चाललो. आधी चाललो असतो तर कशाकडे बघायचं हेच कळलं नसतं.

म्हणून 'ऑनलाइन की प्रत्यक्ष' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. आधी काय आणि नंतर काय, हे ठरवा.

मातीकाम:

पेठकर, शहराच्या बाबतीत पटलं. पण कलेसाठी हा क्रम उलटा आहे. आधी छायाचित्र पाहिलं की मूल लेण्यात जाऊन त्या छायाचित्राशीच जुळवत बसतं. 'फोटोत रंग जास्त चांगले होते' असं मी मुलांच्या तोंडून ऐकलंय. आधी वस्तू, मग पडदा. आणि नकाशा म्हणतात तो व्हार्निशचा मुद्दा खरा आहे, मान्य. पण म्हणून विद्यार्थ्याला लेण्याबाहेर ठेवायचं नसतं, हात आवरायला शिकवायचं असतं. तेही तिथेच शिकता येतं.

नकाशा:

अजिंठा सगळ्यांना परवडत नाही सर. मुंबईहून संभाजीनगर, तिथून पुढे बस, राहणं, जेवण. आमच्या वर्गातले निम्मे येत नाहीत दर वर्षी. न येणाऱ्यांनी आधी वस्तू कुठून बघायची?

मातीकाम:

जी जवळ आहे ती. वस्तू म्हणजे अजिंठाच कशाला? मुंबईच्या मुलाने रेल्वेचं तिकीट काढावं आणि सीएसएमटीच्या खांबांवरची पानं, माकडं, मोर बघावेत. जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी त्या नक्षीवर काम केलंय.

पायवाट:

मग आराखडा असा देते. अजिंठ्याचा इतिहास, प्रतिकृती, आगी, व्हार्निश हे चार आठवडे ऑनलाइन, कारण ती गोष्ट मुळात प्रतिमांच्या प्रवासाचीच आहे. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे रस्तेही ऑनलाइन. नकाशांच्या जोड्या अर्ध्या-अर्ध्या. सीएचबी यांची ओळ जशीच्या तशी घातली आहे, ती राहील की नाही हे सोमवारी कळेल. आणि सत्राचा पहिला तास, पडदा उघडण्याआधी, क्रॉफर्ड मार्केटच्या दारात. तिथे जे. जे.त शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगचं उठावशिल्प आहे, १८६९ च्या सुमाराचं, आणि खरेदीला येणारी माणसं त्याच्याखालून मान वर न करता आत जातात. दुसरीपाळी, तुम्ही याल का? मुलींना घरी काय सांगून निघायचं, हे तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगाल.

दुसरीपाळी:

येते. शनिवार ठेवा, आतेबहिणीलाही आणते. तिच्या दुकानाला सुट्टी नसते, पण अर्धा दिवस मागून बघते.

मातीकाम:

मार्केटला नेणार असाल तर ऊन तिरपं असेल अशी वेळ धरा. भर दुपारी ते शिल्प सपाट दिसतं. आणि मुलांना फोन पिशवीत ठेवायला सांगून आधी पेन्सिलने काढायला लावा. मी रस्त्यापलीकडेच असतो, येईन.