कांस्ययुगीन दफनराशी समुद्रापासून इतक्या दूर कशा?

प्रश्न
फिनलंडमधील राउमाजवळच्या साम्मल्लाहदेनमाकी या स्थळाविषयी सध्या वाचत आहे. तेथे जंगलातील उघड्या खडकांवर ग्रॅनाइटच्या तीसहून अधिक दफनराशी (मृतांवर रचलेले दगडांचे ढीग) असून १९९९ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. अभ्यासक या राशी किनारी समाजाच्या मानतात. नकाशात मात्र समुद्र कितीतरी किलोमीटर पश्चिमेला दिसतो. समुद्रावर जगणाऱ्या माणसांनी आपल्या मृतांना इतके आत का नेले असावे?

प्रतिसाद १
मृतांना आत नेलेले नाही, किनाराच त्यांच्यापासून दूर गेला आहे. हिमयुगात या प्रदेशावर बर्फाचा प्रचंड जाड थर होता आणि त्याच्या भाराने भूकवच खाली दबले होते. तो बर्फ वितळून हजारो वर्षे लोटली, तरी जमीन अजून वर येतच आहे. फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधील बोथ्नियाच्या आखातातील क्वार्केन भागात हा वेग वर्षाला सुमारे ८ ते ९ मिलिमीटर आहे. राउमाकडे तो त्याहून कमी आहे, पण तीन हजार वर्षांत त्यानेही सखल किनाऱ्यावरचे पाणी फार दूर हटते. राशी रचल्या गेल्या तेव्हा त्या कड्यांच्या आसपास समुद्राचे पाणी होते. खणण्याजोगी माती नसलेला उंच, उघडा खडक निवडून त्यावर दगड रचण्यामागे ती जागा पाण्यावरून दिसावी हा हेतू असावा, असे मला वाटते, आणि म्हणूनच आजच्या झाडीत उभे राहून या राशींचा अर्थ लावणे अपुरे ठरते.

प्रतिसाद २
याच्या नेमके उलट फ्रान्समधील ब्रिटनीत घडले. तेथील गाव्रिनीची नवाश्मयुगीन दफनरास बांधली गेली तेव्हा ती जागा मुख्य भूमीला जोडलेली होती; समुद्राची पातळी वाढल्याने आज ते बेट आहे, आणि शेजारच्या एर लानिक बेटावरील शिळावर्तुळाचा काही भाग पाण्याखाली गेला आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मग राशीच्या उंचीवरून तिचा काळ ठरवता येईल का?

प्रतिसाद १
फक्त एका बाजूने. खडक पाण्याबाहेर येण्यापूर्वी त्यावर रास रचता येत नाही, म्हणून उंचीवरून ती जास्तीत जास्त किती जुनी असू शकेल एवढेच कळते. कोरड्या खडकावर ती पुढे केव्हाही रचता येते. नेमक्या काळासाठी आत सापडलेल्या जळक्या हाडांचे किंवा कोळशाचे रेडिओकार्बन मापन (त्यांतील किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणे) लागते.