मदत हवी आहे: पांढऱ्या पेशी सरकतात, पण सिग्नलकडे वळत नाहीत

वर्धा जिल्ह्यातल्या गावाकडच्या कॉलेजात अगारोजच्या (जेलीसारख्या) थराखाली न्यूट्रोफिलची (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) हालचाल मोजतोय. १.२% अगारोज, ३ मिमीची तीन छिद्रं, दोहोंमध्ये ३ मिमी अंतर. मधल्यात १० मायक्रोलिटरमध्ये २.५ लाख पेशी, एका बाजूला एफएमएलपी (पेशींना ओढणारं रसायन, म्हणजे सिग्नल), दुसरीकडे नुसतं बफर. ३७ अंशांवर २ तास. पेशी दोन्हीकडे सारख्याच पसरतात!

डोस जास्त झाला की रिसेप्टर (पेशीवरचे सिग्नल पकडणारे रेणू) भरतात, मग पेशीला कमी-जास्त कळत नाही. म्हणून १०⁻⁷ मोलरवरून १०⁻⁸ केलं, तरी तेच. बफरात कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे. मेच्या कोरड्या हवेत अगारोज सुकून ग्रेडियंट (सिग्नलचा जास्तीकडून कमीकडे जाणारा उतार) मोडतो, की रक्त उन्हातून आणतानाच पेशी चेतवल्या जातात? तपासायचं कसं? लोडशेडिंगमुळे अगारोजची प्लेट ठेवायचा डबा ओला ठेवायचा खात्रीचा उपायही सांगा.