आर्ब्रोथ ३६, बॉन अ‍ॅकॉर्ड ०

स्कॉटलंडच्या आर्ब्रोथ फुटबॉल क्लबने बॉन अ‍ॅकॉर्ड क्लबला ३६-० ने हरवलं, एवढा नुसता स्कोअर सांगून लोक सोडून देतात, अहो खरी गंमत तर पुढेच आहे! १२ सप्टेंबर १८८५, स्कॉटिश कपची मॅच, हाफटाइमलाच १५-० झालेले. जॉकी पेट्री नावाच्या पोराने एकट्याने १३ गोल ठोकले. तेव्हा गोलपोस्टला जाळी नसायची, त्यामुळे प्रत्येक गोलनंतर बॉल आणायला मागे पळायचं, त्यात वेळ गेला नसता तर अजून किती झाले असते देव जाणे. आणि म्हणे रेफरीने ऑफसाइडचे काही गोल रद्दही केले होते, नाहीतर चाळिशी पक्की होती. आर्ब्रोथचा गोलकीपर मिल्न तर पावसात एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली पाइप ओढत उभा होता असं सांगतात, आता करणार काय बिचारा, बॉल त्याच्याकडे यायलाच तयार नाही.

पण माझा जीव तुटतो तो डंडी हार्प या दुसऱ्या क्लबवाल्यांसाठी. त्याच दिवशी, त्याच कपमध्ये त्यांनी अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला ३५-० ने धुतलं. रेफरीच्या हिशेबात ३७ होते, पण हार्पच्याच माणसाने प्रामाणिकपणे ३५ च सांगितले आणि तेच धरले गेले अशी कथा आहे. गेला की हो रेकॉर्ड!