सिंगापूरचा शेवटचा दिवस: युनिव्हर्सल ठेवू की नको? रात्रीची फ्लाईट आहे

मनीषनगरवाली:
नमस्कार, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जणं सिंगापूरला चाललोय. मी, नवरा, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा आणि सासूबाई ६८ च्या. सगळ्यांचीच पहिली फॉरेन ट्रिप. चार रात्री आहेत, पाचव्या दिवशी ११ ला हॉटेल सोडायचं, रात्री साडेनऊला मुंबईची फ्लाईट आणि तिथून पहाटे सहाची नागपूर. आता एजंट म्हणून राहिला की युनिव्हर्सल स्टुडिओज शेवटच्या दिवशी टाका, चेकआऊटनंतरचा दिवस वाया जात नाही. ह्यांना ते पटलंय. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. पोरं जानेवारीपासून ह्या एका पार्कसाठी गुल्लक भरून राहिलेत आणि नेमका तोच दिवस बॅगा न् घड्याळ बघण्यात जाईल असं वाटतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या तोंडानं काही बोलणार नाहीत पण दिवसभर बाकावर आमच्या पर्सेस सांभाळत बसतील हे मला आत्ताच दिसतंय.

अजून एक, मुंबईला बॅगा घ्याव्या लागतात का डायरेक्ट नागपूरला येतात? दोन जणांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. प्लीज ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा.

वर्धारोड_भाऊ:
ताई नका टाकू शेवटच्या दिवशी, कळकळीनं सांगून राहिलो. आम्ही हेच केलं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे तिकडं दुपारी ढग भरून येतात न् विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राईड्स बंद करतात, सेफ्टीसाठी, त्यात त्यांची काही चूक नाही. ट्रान्सफॉर्मर्स, ममी ह्या छताखालच्या आहेत, त्या चालू राहतात, पण मग सगळं पब्लिक तिकडंच धावतं. माझा पोट्टा बॅटलस्टार गॅलॅक्टिका ह्या उघड्यावरच्या रोलरकोस्टरसाठी गेला होता. त्याला १२५ सेंमी उंची लागते, वर्षभर दर महिन्याला भिंतीवर खूण करून मोजत होता तो, अन् पार्कमधे त्याचा नंबर जवळ आला तेव्हाच वीज कडाडली न् लाईन थांबली. अर्धा तास, एक तास, पाऊण तास अजून. बायको म्हणे साडेचार झाले, निघा. दुसरा दिवसच नव्हता हातात, दुसऱ्या दिवशी येऊ असं लेकराला सांगता येत नव्हतं. टॅक्सीत एक शब्द नाही बोलला तो. मला अजूनही त्याचं ते तोंड आठवतं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी टाका, सकाळी १० ला गेट उघडायच्या आधी उभे राहा, अन् उघड्यावरच्या मोठ्या राईड्स आधी उरकून घ्या, बाकीच्या नंतर. सहा वर्षांच्याला गॅलॅक्टिका जमणार नाही हे घरूनच समजावून न्या, गेटवर कळलं तर फार वाईट वाटतं लेकरांना. त्याच्यासाठी मिनियन लँड आहे, २०२५ मधेच सुरू झालंय.

महालची_लेक:
मी थोडं वेगळं म्हणेन. आम्ही पण शेवटच्याच दिवशी गेलो होतो आणि माझ्या मुलीसाठी तो सगळ्यात छान दिवस होता, पण आमची फ्लाईट रात्री दोनची होती, तो फरक मोठा आहे. आणि आमचं ते दुसऱ्यांदा जाणं होतं, पहिला दिवस सगळं बघण्यात गेला, दुसऱ्या वेळी तिनं फक्त कॅनोपी फ्लायर ही राईड केली, तीनदा, आणि बाकी वेळ डायनोसॉरच्या तिथं उभी. निघताना त्या डायनोसॉरला टाटा करून आली. त्यामुळे बजेट असेल तर शेवटच्या दिवशी परत जाणं वेगळं आणि पहिल्यांदाच शेवटच्या दिवशी जाणं वेगळं. साडेनऊच्या फ्लाईटला तुम्हाला साडेसहापर्यंत चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या एअरपोर्टला, पोचायचंय, म्हणजे बॅगा हॉटेलात असतील तर पार्कमधून चार-साडेचारला बाहेर. तिकिटाच्या पैशात अर्धाच दिवस मिळतो मग.

पार्क सेंटोसा बेटावर आहे, तिथून परत येताना सेंटोसा एक्सप्रेस ट्रेनला तिकीट लागत नाही, जाताना लागतं. बॅगा सोबत असतील तर मेट्रोच्या भानगडीत पडू नका, दोनदा बदलावी लागते, पाच जणांना मोठी टॅक्सी करा.

सोनेगाव_प्रवासी:
बॅगांचं सांगतो. भारतात ज्या एअरपोर्टवर पहिल्यांदा उतरता तिथंच इमिग्रेशन आणि कस्टम होतं, म्हणजे मुंबईला बॅगा बेल्टवरून घ्यायच्याच, टॅगवर नागपूर लिहिलेलं असलं तरी. एकच पीएनआर असेल तर कस्टमच्या पुढं ट्रान्सफर काऊंटरला परत द्यायच्या, तिथून त्या नागपूरला. वेगवेगळी तिकिटं असतील तर मात्र नव्यानं चेक-इन, आणि डोमेस्टिकला बरेचदा १५ किलोच मिळतात हे लक्षात ठेवा, सिंगापूरला चालून गेलेली २५ किलोची बॅग मुंबईला पैसे मागते. टर्मिनल एकच आहे का तेही आत्ताच तिकिटावर बघा.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत. पोरांनी पार्कमधून स्नो ग्लोब वगैरे घेतला तर तो चेक-इनमधे, आत पाणी असतं त्यामुळे १०० मिलीचा नियम लागतो न् सिक्युरिटीला काढून घेतात. १०० सिंगापूर डॉलरच्या वर खरेदी असेल तर दुकानात पासपोर्ट दाखवा, तिकडचा ९ टक्के जीएसटी थोडा फी कापून परत मिळतो, पण चेक-इनमधे टाकायच्या वस्तू असतील तर बॅग द्यायच्या आधी मशीनवर करायचं, नंतर नाही.

आणि त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं आहे. मुंबईत रात्री साडेबाराला उतराल तेव्हा पोरांच्या शरीराला तीन वाजलेले असतात, वर सहापर्यंत बसायचंय. दिवसभर पार्कमधे चालून आलेल्या ६ वर्षांच्या लेकराला आणि सासूबाईंना हे झेपेल का, ते आधी बघा.

धरमपेठ_काकू:
अगं मी तुझ्या सासूबाईंच्याच वयाची, म्हणून लिहितेय. पर्सेस सांभाळत बसणारी मीच होते, आणि मला त्याचं वाईट नव्हतं वाटत, नातवंडं पळत येऊन सांगायची आजी असं झालं आजी तसं झालं. पण शेवटच्या दिवशी मुलानं मला ज्युएल नावाच्या मॉलला नेलं, चांगीच्या टर्मिनल १ ला लागूनच आहे, २०१९ मधे झालं. आत ४० मीटर उंचीवरून पाणी पडतं गोल छतातून, भोवती झाडंच झाडं, एसी, बसायला जागा, आणि आत जायला तिकीट नाही. मी तिथं दीड तास नुसती बसून होते. सगळ्या ट्रिपमधे मला तेवढंच नीट आठवतं बघ. अंधार पडला की पाण्यावर लाईटचा खेळ असतो, तो बघून मग आत जायचं.

सकाळी लिटल इंडियात कोमला विलासला इडली खा, १९४७ पासूनचं आहे, सासूबाईंना बरं वाटेल. आणि व्हीलचेअर एअरलाईनला आत्ताच सांगून ठेव, तिन्ही एअरपोर्टला. "मी काय म्हातारी आहे का" म्हणतील, तरी सांग. मुंबईला फार चालायला लागतं.

मनीषनगरवाली:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल रात्री वर्धारोड भाऊंचं ह्यांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, सकाळी स्वतःच एजंटला फोन करून युनिव्हर्सल दुसऱ्या दिवशी घेतलं. तिकिटं बघितली, दोन वेगळे पीएनआर आहेत, त्यामुळे आता घरचा वजनकाटा काढलाय. मुलीची उंची १३८ भरली, ती खूश.

सासूबाईंना ज्युएलचा व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला त्यांनी. मग म्हणाल्या तुझे सासरे होते तेव्हा पावसाळ्यात आम्ही अंबाझरीचा ओव्हरफ्लो बघायला जायचो, स्कूटरवर, भुट्टा खात तासभर उभे राहायचो. हे मी लग्नाला १३ वर्षं झाली तरी पहिल्यांदा ऐकलं. काकू, पाण्याच्या अगदी समोर बसायला कुठल्या मजल्यावर जायचं?

धरमपेठ_काकू:
खालच्या मजल्यांवरून नळकांड्यातून पडताना दिसतं, ते पोरांना दाखव. पण सासूबाईंना वर पहिल्या मजल्यावर ने, बागेच्या बाजूला. सहाच्या आत जा म्हणजे उजेडातही दिसतं.