गडचिरोलीचं नवजात संशोधन: ‘ती समाजसेवा’ म्हणणाऱ्यांसाठी थोडं लांबलेलं उत्तर

वैनगंगाकाठ

परवाच्या ‘महाराष्ट्रातलं नावीन्य’ या लेखातलं एक वाक्य असं: ‘सर्चचं गडचिरोलीतलं काम वंदनीय आहे, पण ती समाजसेवा. संशोधन म्हणजे प्रयोगशाळा, उपकरणं, पेटंट.’ सर्च म्हणजे डॉ. अभय आणि राणी बंग यांची गडचिरोलीतली संस्था. तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून हा वेगळा धागा. एकदा वंदन केलं की वाचायला नको, ही आपली जुनी सोय.

आधी रचना बघा. ३९ गावांत घरोघरी नवजात सेवा, ४७ गावं तुलनेला. १९९३ ते ९५ ही दोन वर्षं नवजात सेवेला हात न लावता फक्त आधारभूत मोजणी. १९९५ ते ९८ सेवा, त्यात पहिल्या वर्षी निरीक्षण आणि इंजेक्शनं त्यानंतर. जन्ममृत्यू नोंदवणारी माणसं वेगळी आणि सेवा देणारी वेगळी. ज्याचं काम मोजायचं त्याच्याच हाती फूटपट्टी द्यायची नाही, एवढं पथ्य कितीतरी विद्यापीठीय प्रकल्पांत पाळलं जात नाही. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के बाळांपर्यंत सेवा पोचली. हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ वर आले. तुलनेच्या गावांशी ताडून निव्वळ घट ६२.२ टक्के. खर्च बाळामागे ५.३ डॉलर. डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

आता प्रश्न कसा सापडला ते. १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बाळांचं घरी जाऊन निरीक्षण झालं. ५४.४ टक्के बाळांना उपचाराची गरज होती, मिळाला २.६ टक्क्यांना. रुग्णालयात पोचली ०.४ टक्के, म्हणजे ७६३ पैकी तीन. ‘जंतुसंसर्ग झालेलं बाळ रुग्णालयातच हवं’ हा पाठ्यपुस्तकातला नियम तिथे तीन बाळांपुरता खरा होता. मग गृहीतक असं ठरलं: गावातलीच, थोडं शिकलेली बाई ठरावीक लक्षणांवरून संसर्ग ओळखू शकते आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन सुरक्षित देऊ शकते. याची परीक्षा घेणं हे संशोधन नसेल तर मग काय आहे?

कोरडाआकडा

संशोधन आहे. पण तुम्ही आरती म्हणताय, म्हणून टाळ जरा बंद करतो.

एक, गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. सेवेचा पट्टा वेगळा, तुलनेचा वेगळा. दोन, सेप्सिसमधलं (म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गातलं) मृत्युप्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आलं हे सगळे ठोकून सांगतात. पण आधीच्या १६३ रुग्णांत सत्तावीसेक मृत्यू आणि नंतरच्या ७१ मध्ये दोन. त्या दोनाचे तीन झाले असते तर प्रमाण लगेच ४.२. शिवाय ही आधी-नंतरची तुलना. बाई तीन वर्षं सरावली की लक्षणं लवकर पकडते, सौम्य रुग्णही मोजणीत येतात आणि प्रमाण आपोआप सुधारलेलं दिसतं. औषधाचा वाटा किती आणि नजरेचा किती, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

तीन, एका गावातली बाळं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. तीच सुईण, तोच रस्ता, तोच नाला. गावामागे वर्षाला पंचवीसेक जन्म आणि गावांतर्गत सहसंबंध (एका गावातली बाळं एकमेकांसारखी किती) ०.०१ धरला, तर रचना-परिणाम, म्हणजे या सारखेपणाची वजावट, १ + २४ × ०.०१, म्हणजे १.२४. नमुना तितक्या पटीने लहान समजायचा. निष्कर्ष यानं कोसळत नाही, पण विश्वासपट्टा, म्हणजे खरा आकडा ज्या पल्ल्यात असावा तो, रुंदावतो.

वैनगंगाकाठ

चिठ्ठ्या नव्हत्या, मान्य. पण दोन्ही पट्टे मुळात वेगळे आहेत का, हे बघायलाच दोन वर्षांची आधारमोजणी होती, आणि सुरुवातीला दोन्हीकडचं नवजात मृत्युप्रमाण साठाच्या आसपासच होतं. नंतर एक निम्म्याखाली गेलं, दुसरं जागचं हललं नाही. ‘पट्टाच वेगळा’ म्हणणाऱ्याला आता हेही सांगावं लागेल की तो नेमका १९९५ नंतरच वेगळा कसा झाला.

झडप

दोघेही डॉक्टरी बाजूनेच भांडताय. मूळ वाक्यात ‘उपकरणं’ हा शब्द आहे, त्याचं काय? त्याच चमूचं ब्रेथ काउंटर कुणी उघडून पाहिलंय का? एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन रांगा, पहिली दोन महिन्यांखालच्या बाळांसाठी आणि दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर श्वास जलद, न्यूमोनियाचा संशय. साठापर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीलाही दहापर्यंत येतं, एवढ्या एका निरीक्षणावर अख्खं यंत्र उभं आहे. बॅटरी नाही, पडदा नाही, दुरुस्ती नाही. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘नावीन्य’ म्हणून दरवर्षी आर्डुइनोवर जे दिवे लुकलुकवतात त्यापेक्षा ही रचना दहा पट कठीण.

मात्रा

झडप साहेब, कल्पना सुंदर. पण वाळूचं घड्याळ हे काही देवघरातलं यंत्र नाही. पावसाळ्यात कुपीची जोड नीट बंद नसली की ओल आत जाते, वाळू गोळा होऊन धार तुटते. सारवलेल्या उंचसखल जमिनीवर तिरपी ठेवली की वेळ बदलतो. वर्षानुवर्षं वापरली की मधलं भोक घासून रुंदावतं आणि मिनिट आखडतं. परिणाम काय? कुपी ६६ सेकंदांची झाली तर मिनिटाला ५५ चा श्वास ६० च्या, म्हणजे नवजाताच्या जलद श्वासाच्या हद्दीच्या, वर मोजला जातो आणि धडधाकट बाळ आजारी ठरतं. ५४ सेकंदांची झाली तर ६२ वालं बाळ छपन्नच्या आतच राहतं आणि सुटतं. मण्यांची चूक याहून वाईट: एक मणी सरकवायचा राहिला की थेट दहा श्वासांचा फरक.

झडप

म्हणूनच तर तपासायची! अंकी घड्याळाशी तीन वेळा लावून बघा, दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की कुपी बाद. हा देखभालीचा दोष, रचनेचा नाही. आणि आता मोबाइलच्या कॅमेऱ्यावरून छातीची हालचाल मोजता येते, तो पर्याय आहेच.

मात्रा

कॅमेरा! बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, खोलीत चुलीचा उजेड, आजी मांडीवर घेऊन डोलतेय. तुमचा कॅमेरा आजीचे श्वास मोजेल.

श्वास मोजणं ही यंत्राची नाही, बाळाच्या अवस्थेची भानगड आहे. बाळ शांत हवं, रडून किंवा पिऊन नुकतंच थांबलेलं नको. झबलं वर करायचं, पोट उजेडाकडे. वर-खाली मिळून एक. पूर्ण साठ सेकंद. तीस सेकंद मोजून दुप्पट करणं हा सगळ्यात चालू गुन्हा: नवजात बाळ पाच-दहा सेकंद थांबतं आणि मग भराभर श्वास घेतं. तुमचे तीस सेकंद थांबण्यावर पडले तर कमी, भराभरीवर पडले तर जास्त, आणि ती चूक दुप्पट होऊन कागदावर येते. साठ किंवा वर आला तर थोडं थांबून पुन्हा. दोन्ही वेळा साठ किंवा वर आले तरच धरायचे. शिवाय नवजातात नुसत्या जलद श्वासावर सेप्सिस म्हणायचं नाही. रडणं मंदावलं, ओढणं कमी झालं, अंग गार किंवा तापलेलं, पोट फुगलं, बेंबीला पू, छाती आत ओढली जाते, अशांपैकी किमान दोन लक्षणं एकाच वेळी हवीत. त्या दोनाच्या अटीत खरं संशोधन आहे, मण्यांत नाही.

झडप

म्हणजे मात्राबाईंच्या मते यंत्र बनवणारे सगळे मूर्ख. बरं. मग जन्मतः न रडणाऱ्या बाळाला तोंडाने श्वास द्यायचा, नळी-मास्कने की पिशवी-मास्कने, याची तुलना त्याच गावांत झाली ती कशाची होती? पिशवी दोनशे चाळीस-पन्नास मिलिलिटरची, आणि तीन किलोच्या बाळाला एका वेळी लागते साधारण पंधरा मिलिलिटर हवा. सगळी पिशवी दाबली तर फुप्फुसाला इजा. म्हणून दोन बोटांनी दाबायची, मिनिटाला ४० ते ६०. छाती हलत नसेल तर आधी मास्कची कड बघा, मग मान (फार मागे गेली की श्वासमार्ग उलट बंद होतो), मग झडप. हवा एकाच दिशेने जाऊ देणारी ही बदकचोची झडप धुऊन वाळवल्यावर उलटी बसवतात. पिशवी मस्त फुगते, दबते आणि बाळाला शून्य हवा. म्हणून हे नाव घेतलंय मी.

मात्रा

झडप उलटी बसते याबद्दल शंभर टक्के सहमत. दर वेळी जोडल्यावर मास्क तळहातावर दाबून पिशवी दाबायची; दाब जाणवला पाहिजे आणि जादा दाब सोडणाऱ्या दाबझडपेतून हवा फुसकन निघाली पाहिजे. हे दहा सेकंदांचं काम प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात नसतं. चला, एका गोष्टीवर तरी जमलं.

उंबरठा

मणी आणि झडपा झाल्या असतील तर एक अवघड प्रश्न. १६३ रुग्णांवरचं ते १६.६ टक्के मृत्युप्रमाण कसं मिळालं? उपचार सुरू व्हायच्या आधी मोजलं म्हणून. म्हणजे संसर्ग ओळखणारी बाई घरात होती, आणि बाळ गेलं ते तिनं वहीत लिहिलं. तुलनेच्या ४७ गावांत तर १९९८ पर्यंत हजारी साठाच्या घरातच मृत्यू होत राहिले. आकड्यांवर बोलताना हे सगळे गप्प का?

वैनगंगाकाठ

गप्प नाही. त्या टप्प्यात आईबापांना रुग्णालयात न्या असं सांगितलं जात होतं. किती बाळं रुग्णालयात पोचली ते वर लिहिलंय, तीन. आणि तेव्हा हातात सिद्ध उपचार होता कुठे? घरी, बिनडॉक्टरी बाईनं नवजाताला इंजेक्शन देणं तेव्हा धोक्याचं मानलं जाई. न तपासता सुरू केलं असतं आणि इंजेक्शनाच्या जागी गळू किंवा किडनीचा त्रास निघाला असता, तर तुम्हीच ‘आदिवासींवर प्रयोग’ म्हणून धागा काढला असता.

उंबरठा

काढला असताच. आणि बरोबर काढला असता. ‘तेव्हा माहीत नव्हतं’ हे उत्तर १९९५ ला चालेल. १९९७ ला, सुधारणा दिसू लागल्यावर, तुलनेच्या गावांना थांबवून ठेवायचं की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

कोरडाआकडा

इथे नाइलाजाने उंबरठाच्या बाजूने. मध्येच थांबायचं असेल तर थांबण्याचा नियम आधी लिहून ठेवायला हवा. पण एका वर्षाच्या आकड्यावर थांबलात तर मीच येऊन म्हणालो असतो की हा योगायोग. दोन्ही दगडांवर पाय आहे माझा, कळतंय मला.

पुरवणी

एक गाऱ्हाणं मांडू का? ज्या गावांतल्या बाळांवर हे सगळं झालं त्या गावातल्या कुणाला ते मूळ निबंध वाचता येणार नाहीत. इंग्रजीत. प्राध्यापकांना मराठी लेखाचे गुण बढतीत मिळत नाहीत, म्हणून मराठीत संशोधन लिहितच नाहीत आणि मग...

कोरडाआकडा

पुरवणीताई, हे गाऱ्हाणं खरं आहे आणि प्रत्येक धाग्यावर खरंच असतं.

मात्रा

मुद्द्यावर येते. खरी मारामारी संशोधन की समाजसेवा ही नाहीच, तर संशोधन सरकारी झाल्यावर काय उरतं ही आहे. २०११ पासून आशाताई घरभेटी देतात. रुग्णालयात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी सहा. घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. मोबदला २५० रुपये. मूळ अभ्यासात दर पंधरवड्याला पर्यवेक्षक जाऊन वही, वजन, लक्षणं तपासायचा. तो पंधरवडा योजनेत कागदावर उरला. झोळीचा काटा शून्यावर आणायचा, झोळीचं वजन वजा करायचं, हे कुणी बघत नाही. मग १४ व्या दिवशी बाळाचं वजन ‘घटतं’ आणि २१ व्या दिवशी अचानक ‘वाढतं’.

आणि जेंटामायसिन आशाच्या हातात आलंच नाही. २०१४ च्या सूचनांनुसार ते नर्सबाई देतात, तेही नातेवाईक रुग्णालयात न्यायला तयार नसतील किंवा नेणं शक्यच नसेल तेव्हा. अडचण काय? बाजारात दोन ताकदी आहेत: २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम आणि २ मिलिलिटरमध्ये २०. दोन किलोच्या बाळाला किलोमागे ५ प्रमाणे १० मिलिग्रॅम हवेत, म्हणजे पहिल्यातून पाव मिलिलिटर आणि दुसऱ्यातून पूर्ण एक. कुपी बदलली आणि सवयीने तेवढंच ओढलं तर चौपट किंवा पाव मात्रा. म्हणून कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, एक मिलिलिटरचीच सिरिंज घ्यायची, मांडीच्या पुढच्या बाहेरच्या भागात द्यायचं.

कोरडाआकडा

आता माझ्याच विरोधात एक पुरावा देतो, कुणी मिरवू नका. बांगलादेशात सिल्हेटला गट चिठ्ठ्या टाकून वाटले होते आणि घरभेटींच्या गटात नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. २००८ चा निबंध. उत्तर प्रदेशात शिवगढला, त्याच वर्षी छापलेल्या अभ्यासात, ५४. म्हणजे दिशा पक्की. ६२ हा आकडा मात्र त्या दर्जाच्या देखरेखीचा आकडा आहे, आणि देखरेख काढून योजनेकडून ६२ ची अपेक्षा ठेवणारे सचिव हे माझे खरे शत्रू. वैनगंगाकाठ, तुमची आरती ७० टक्के मान्य.

वैनगंगाकाठ

३० टक्क्यांचा विश्वासपट्टा सांगा.

झडप

आणि वाळूच्या कुपीचं काय ठरलं?

मात्रा

वापरा. तीनदा तपासून. पण वहीत तीस गुणिले दोन दिसलं तर बाळ पुन्हा मोजायला परत पाठवीन.